पेल्यावर पहारा नाही

ईस्टरनंतरचा मंगळवार

आज विहिरीवर दोन परके व्यापारी आले होते. सोन्याचा पेला साखळीशिवाय, कुलपाशिवाय कठड्यावर ठेवलेला पाहून ते थबकलेच. एकाने तो उचलला, उलटा केला, तळ पाहिला, आणि मग काहीतरी आठवल्यासारखा अगदी हळू परत ठेवला. दगडावर पेल्याच्या बुडाने एक वर्तुळ पडलं आहे, बरोबर त्याच्यावर. शेजारच्या कांदेवालीने त्यांना सांगितलं की आमच्या राजाच्या, वोदांच्या राज्यात, पेल्यावर पहारा लागत नाही. दोघांनी माना डोलावल्या. मग दोघांनीही वेशीबाहेरच्या रस्त्याकडे एकदा पाहिलं. तिथे सूळ उभे आहेत.

पहारा नाही हे खरंच आहे. शिपाई नाही, भाला नाही. फक्त समोर चर्चच्या पायरीवर मेणबत्त्या विकत बसलेला एक म्हातारा आहे आणि तो मी आहे. हिवाळ्यात कोतवाल ड्रागोमिर यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, पेला भीतीनेच जागेवर राहतो असं वोदांचं म्हणणं आहे, माझंही तेच आहे, पण तू आपला बस. पेला गेला तर आधी तुझं घरदार सुळावर जाईल, मग माझं. आणि तू पहाऱ्यावर आहेस असं कुणाला कळलं तर पेला जागेवर असतानाच सुळावर जाशील. तेव्हापासून मी बसतो. रात्री वरच्या खिडकीत त्यांचा दुसरा कुणी माणूस बसत असावा, पण विचारायची सोय नाही.

माझ्या घरात मी आणि माझी मुलगी स्तांका. तिचा नवरा डॅन्यूबच्या काठी वोदांच्या फौजेत आहे आणि ती उन्हाळ्यात बाळंत होईल. म्हणून मला जास्त काळजी वाटते. पेला चकाकला की वाटतं कुणाच्या डोळ्यांत भरेल. चकाकला नाही की वाटतं कुणी बदलला की काय.

मठातल्या एका साधूने मला अक्षरं शिकवायला घेतली होती, पण अर्ध्यातच तो वारला. उरलेली अक्षरं मी अंदाजाने काढतो. मनात काही साचलं की लिहून टाक, म्हणजे झोप लागते, असं तो सांगायचा. कागद मेणबत्त्यांच्या वेष्टनाचे आहेत. मेणामुळे शाई नीट बसत नाही.

संत घेओर्घेचा दिवस

सणामुळे दारोदार हिरव्या डहाळ्या. चौकात गर्दी. इतके हात त्या पेल्याला लागत होते की टक लावून पाहता पाहता माझे डोळे पाणावले.

दुपारी अल्देआ आला. विधवा वोइकाचा मुलगा, राजवाड्यात घोड्यांचा दाणा पोचवणारा गाडीवान. चांगला अंगापिंडाने दांडगा, तोंडाने त्याहून. त्याने पोहरा वर ओढला, पेला भरून गटागटा प्याला आणि तोंड वाकडं करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सोन्यातून प्यालो तरी चव विहिरीचीच. वोदांना म्हणावं आत वाइन भरा. मग बघू मानेआबा पायरीवर मेणबत्त्या विकतात की आधी इथे येऊन बसतात."

सगळे हसले. मीही हसलो. म्हणजे मी कशाला बसतो हे याला माहीत आहे. याला माहीत म्हणजे सगळ्यांना माहीत. उद्या हे कोतवालांच्या कानावर गेलं तर ते म्हणतील मीच कुठेतरी बडबडलो.

म्हणून संध्याकाळी मी आपणहून त्यांना सांगितलं. दिवसभर विहिरीवर कोण काय बोललं हे ते रोज विचारतातच. मी वाईट हेतूने सांगितलं नाही, गंमत म्हणूनच सांगितलं, आणि कोतवाल चांगले खळखळून हसले. "वाइन," म्हणाले. "बरं बोलतो." मग माझ्या बाबतीतही काही म्हणाले नाहीत. उलट सणाचं कोकराचं मटण उरलं होतं, ते पानात बांधून दिलं. कितीतरी दिवसांनी घरात मटण शिजलं. स्तांकाने दोनदा वाढून घेतलं. मला आज झोप लागेल.

मे महिना, पहिला शुक्रवार

अल्देआला धरून नेलं. दाण्याच्या पोत्यात त्याने कमी भरलं होतं म्हणे. राजवाड्याचा माल आहे, अशा ठिकाणी माणसाने जपूनच वागायला हवं. विहिरीवर सगळे याच्याबद्दलच हलक्या आवाजात बोलत होते. मी जवळ गेलो की गप्प होत होते. म्हाताऱ्याला काही सांगू नये असं लोकांना वाटतं.

कोतवालांनी मला त्या गमतीबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. म्हणजे त्याचा याच्याशी संबंध नसणार. असता तर विचारलं असतं.

पुढच्या आठवड्याचा मंगळवार

आज अल्देआला सुळावर दिलं. मी गेलो नाही. माझा गुडघा सुजला आहे आणि पायरी सोडता येत नाही.

संत कॉन्स्टंटिन आणि एलेना यांचा दिवस

वोइका सगळ्या अंमलदारांच्या दारात जाऊन आली. मुलाचं प्रेत द्या म्हणाली. सुळावरून कुणाला उतरवत नाहीत हे तिला माहीत नाही असं नाही. पण गेली. मग पाद्रीबाबांकडे गेली की निदान मेलेल्यांच्या प्रार्थनेत अल्देआचं नाव घ्या. पाद्रीबाबा म्हणाले की माझंही नाव मग कुणालातरी घ्यावं लागेल. ते बोलले ते खोटं नाही.

तिने माझ्याकडून एक मेणबत्ती घेतली आणि आत जाऊन लावली. थोड्या वेळाने तोच तुकडा हातात घेऊन बाहेर आली. पाद्रीबाबांनी चिमटीने विझवली होती. माझ्यासमोर उभी राहून तिने तो तुकडा माझ्या परातीत टाकला.

"तुझ्या मेणबत्त्या जळत नाहीत, मानेआदादा."

मी म्हणालो मेण चांगलं आहे, वात ओली झाली असेल. ती माझ्याकडे पाहत राहिली. लहानपणी आम्ही एका गल्लीत खेळलो आहोत. तिने असं टक लावून पाहणं मला बरं वाटलं नाही.

दिव्याविना मेलेला माणूस अंधारात फिरतो आणि त्याला तहान लागते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. कुणीतरी त्याच्या नावाने कुणाला पाणी पाजलं तरच त्याची तहान भागते. नाहीतर तो ज्याच्यावर राग असेल त्याच्या दाराशी येतो. अल्देआ कुणाच्या दाराशी जाईल कोण जाणे. ज्याने पोती मोजली त्याच्या, बहुधा. मी तरी उंबऱ्यावर लसूण चोळून ठेवला आहे. घरात पोटुशी बाई आहे.

स्वर्गारोहणाचा गुरुवार

स्तांका माझ्याशी कमी बोलते. आज लापशी वाढताना तिने एकदम विचारलं, "बाबा, संत घेओर्घेला मटण कुठून आणलं होतंत?"

मी सांगितलं, कोतवालांनी दिलं, सण म्हणून.

ती परसात गेली आणि तिला ओकारी झाली. या दिवसांत असं होतंच. तिच्या आईलाही व्हायचं.

पितरांचा शनिवार

काय झालं ते नीट लिहिलं पाहिजे, म्हणजे मलाच कळेल.

आजच्या दिवशी बायका पितरांच्या नावाने मातीचे नवे पेले वाटतात. पेल्यात पाणी, दूध किंवा वाइन, कानाला चेरीची जोडी अडकवलेली, वर सब्ज्याची काडी. देणारी म्हणते, अमक्याच्या नावाने, भांड्यासकट. घेणारा म्हणतो, देव त्याला क्षमा करो. आणि पितो. तेवढं म्हटलं की ते भांडं त्या मेलेल्याचं झालं आणि घेणाऱ्याच्या हातात त्याची ठेव म्हणून राहिलं. ते परत करता येत नाही. परत करणं म्हणजे मेलेल्याच्या तोंडचं पाणी काढून घेणं.

सकाळपासून चौकात नुसती धांदल. बायका एकमेकींना पेले देत होत्या, रडत होत्या, मध्येच चेरी खात होत्या. मलाही पुष्कळ पेले आले, म्हाताऱ्या माणसाला सगळेच देतात. तोच तोच शब्द बोलून माझं तोंड दुखत होतं. समोरून हात आला की मी म्हणत होतो देव क्षमा करो, आणि पीत होतो. एक डोळा विहिरीवर होता, पण मध्ये इतके घागरे होते की पेला दिसत नव्हता. मी मान उंच करकरून पाहत होतो. तेवढ्यात पुन्हा समोर हात आला, गार पाणी, सब्ज्याचा वास.

"माझ्या अल्देआच्या नावाने. भांड्यासकट."

"देव त्याला क्षमा करो," मी म्हणालो आणि प्यालो.

ओठाला लागल्यावर कळलं की हे माती नाही.

मी पेला पाहिला. सोन्याच्या कानाला चेरीची जोडी लटकत होती. समोर वोइका उभी होती, काळा रुमाल, हात रिकामे. आजूबाजूच्या सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. कांदेवालीने हातातला कांदासुद्धा खाली ठेवला होता.

मी उठलो, कसा उठलो माहीत नाही, आणि विहिरीपर्यंत जाऊन पेला त्या वर्तुळावर ठेवला. ठेवताना पेला दगडावर वाजला. मी म्हणालो, "हा वोदांचा पेला आहे. हा तुला देता येत नाही."

"मी दिला आणि तू घेतलास," वोइका म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुझा आहे. तुला हवा तिथे ठेव."

"अगं, इतकी माणसं आहेत. मलाच का?"

"तुझ्याच हातून पोचायला हवं होतं, मानेआदादा."

म्हणजे काय ते मला कळलं नाही. वयाने मी मोठा आहे, म्हणून म्हणाली असेल. मग ती निघून गेली, आणि बायकांनी तिला जायला वाट करून दिली, एखाद्या सरदाराच्या बायकोला देतात तशी.

आता पेल्याचं काय? ठेवला तर मी मेलेल्याचं पाणी चोरलं. उचलला तर वोदांचा पेला चोरला. संध्याकाळी पाद्रीबाबांना गाठून विचारलं. त्यांनी विचारलं, शब्द बोललास का? मी म्हणालो, सवयीने बोललो. ते म्हणाले, देव सवयीने बोललेलंही ऐकतो. आणि हे तू मला सांगितलेलं नाहीस. मग ते आत गेले आणि कडी लावली.

कोतवालांना आज मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? पेला जागेवर आहे, एवढंच सांगितलं.

सोमवार

काल मोठा सण, चौक रिकामा होता. आज सकाळी एक कुंभारीण आली. तिच्या नवऱ्याला गेल्या वर्षी सुळावर दिलं होतं. तिने सोन्याचा पेला भरला आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईपुढे धरला. नवऱ्याचं नाव घेतलं, भांड्यासकट म्हणाली. दुसरीने देव त्याला क्षमा करो म्हणून पाणी घेतलं आणि पेला कठड्यावर ठेवला. मग तिनेच तो पुन्हा भरून कांदेवालीला दिला, आपल्या भावाच्या नावाने. तोही सुळावरचाच.

दिवसभर हेच चाललं. मला वाटलं, बायकांना पेला देण्याघेण्याचा नियम कळत नाही. एकच पेला किती जणांचा होणार? सकाळपासून त्याचे इतके मालक झाले की देवालाही हिशेब लागायचा नाही. आणि त्या काठावर चेरीचे देठ टाकून जातात. मला मागाहून झाडावं लागतं.

बुधवार

आज आसपासच्या गावांतूनही बायका आल्या. ओरडत नाहीत, भांडत नाहीत, रांगेत उभ्या राहतात. एक नाव घेते, दुसरी पिते. वेशीबाहेरच्या रस्त्यावर जेवढी नावं आहेत ती सगळी आज माझ्या कानांवरून गेली. काहींना तर मी ओळखत होतो. पूर्वी या पेल्याकडे येताना लोक पाय ओढत यायचे, दोन घोट घेऊन पळायचे. आता तिथून कुणी हलत नाही. मला हे काही ठीक दिसत नाही.

दुपारी रांगेत स्तांका दिसली. पोटावर हात ठेवून उभी होती. मी खूण केली, घरी जा. तिने पाहिलं आणि मान वळवली. तिचा नंबर आल्यावर तिने पेला भरून वोइकाला दिला आणि अल्देआचं नाव घेतलं. तिचा अल्देआशी काय संबंध? वोइकाने पाणी घेतलं, मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दोघी काहीतरी बोलल्या. स्तांका रडत होती. वोइका रडत नव्हती.

रात्री जेवताना मी स्तांकाला समजावलं की लोकांच्या नजरेत येऊ नये. ती म्हणाली, "नजर तर तुमचीच आहे, बाबा."

गुरुवार

कोतवालांनी बोलावलं. त्यांचा चेहरा बरा नव्हता. तुर्कांच्या सुलतानाची फौज डॅन्यूब ओलांडून आली आहे, इतकी मोठी की मोजता येत नाही, अशी बातमी आहे. त्यात वोदांच्या माणसांनी विचारलं म्हणे, राजधानीच्या चौकात या कसल्या प्रार्थना चालल्या आहेत.

"तू समोर बसतोस," ते म्हणाले. "कुणी सुरू केलं हे?"

मी म्हणालो, पितरांच्या शनिवारपासून सुरू आहे, बायकाच आहेत, आपोआप झालं असेल.

"आपोआप सुरू झालं असेल तर पहिला पेला कुणी घेतला ते सांग. घेणारा तरी असेल ना."

चौकातल्या सगळ्यांनी पाहिलं आहे. मी नाही सांगितलं तर दुसरं कुणी सांगेल, आणि ते आधी माझंच नाव घेतील. माझ्या घरी पोटुशी लेक आहे. मी नाव घेतलं नाही. मी एवढंच म्हणालो की ज्या बाईचा मुलगा दाण्याची गाडी हाकायचा, ती त्या दिवशी विहिरीवर होती. तेवढ्यावरून काहीही होऊ शकतं, किंवा काहीच होणार नाही. कोतवालांना आता तुर्कांचं काम आहे. ते विसरतीलही.

त्यांनी मला या वेळी खायला काही दिलं नाही. मी मागितलंही नसतं.

शुक्रवार

वोइकाला नदीवर कपडे धुताना धरलं. ओली वस्त्रं दगडावर तशीच राहिली. कांदेवालीने ती पिळून वाळत घातली.

शनिवार

तिला मुलाच्या शेजारची जागा दिली. कोतवालांनी तेवढी दया केली असं लोक म्हणतात.

ती पाणी मागत होती, असं वेशीवरून आलेली माणसं सांगत होती. स्तांका मातीचा पेला भरून गेली. शिपायांनी तिला वेशीच्या पुढे जाऊ दिलं नाही. ती परत आली तेव्हा पेला काठोकाठ भरलेला होता. एवढं अंतर चालून तिने एक थेंब सांडला नव्हता. तो तिने चुलीजवळच्या फळीवर ठेवला आणि दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसली.

आज विहिरीवर कुणी नाव घेतलं नाही. पेला वर्तुळावर होता. पहिल्यासारखं सगळं झालं. मला वाटलं होतं की बरं वाटेल.

पुढचा गुरुवार

सगळं शहर हलतं आहे. वोदांचा हुकूम आहे की तुर्कांच्या हाती एक दाणा, एक घोट लागता कामा नये. कोठारं पेटवली, गुरं डोंगराकडे हाकलली. वोदा स्वतः कुठे आहेत ते कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं जंगलात दबा धरून आहेत, कुणी म्हणतं घाट ओलांडून गेले.

दुपारी कोतवालांची माणसं मेलेल्या मेंढ्या गाडीत घालून आली आणि एकेका विहिरीत टाकत निघाली. आमच्या विहिरीतही टाकली. तिचं पाणी मी जन्मभर प्यालो आहे. टाकली तेव्हा बराच वेळ आवाज येत राहिला.

मग कोतवाल स्वतः घोड्यावरून आले. खाली उतरले, कठड्यावरचा पेला उचलला, बाहीने पुसला आणि खोगिराच्या पिशवीत घातला. किती सहज. मी एवढे महिने रात्री झोपेतसुद्धा तो पेला कुणी उचलताना पाहायचो आणि दचकून उठायचो, आणि तो उचलला जाताना कसलाच आवाज झाला नाही.

मी म्हणालो, "मालक, पेला."

"कुठला पेला?"

"वोदा परत आले आणि त्यांनी विचारलं तर मी काय सांगू?"

"तू कशाला सांगशील? पेल्यावर पहारा नव्हता, मानेआ. कधीच नव्हता." मग खोगिरावर चढून पट्टा आवळताना म्हणाले, "तुझी ती म्हातारी उगीच गेली बघ. थोडे दिवस तोंड मिटून बसला असतास तर मला तरी कुठे वेळ होता."

ते मीच सांगितलं असं धरून बोलले. मी नाव घेतलं नव्हतं. पण घोड्यावरच्या माणसाशी वाद घालता येत नाही.

शुक्रवार

बायका आज जंगलाकडे निघाल्या. स्तांकाने गाठोडं बांधलं होतं. मी माझी काठी घेतली आणि मेणबत्त्यांची परात काखेत मारली. कांदेवालीची गाडी दाराशी उभी होती, तिच्यात माझ्यापुरती जागा होती, मी पाहिली.

स्तांका माझ्यासमोर उभी राहिली. "तुम्ही बसा, बाबा. पेल्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं."

पेला गेला हे मी तिला काल सांगितलं होतं. घाईत विसरली असेल. मी पुन्हा सांगायला लागलो, पण ती तोवर गाडीत चढली होती. कांदेवालीने तिला हात दिला. गाडी वळेपर्यंत मी उभा होतो. मागे वळून पाहिलं की माणूस वाटेत अडखळतो म्हणतात, आणि तिच्या पोटात मूल आहे. त्या काळजीने पाहिलं नसेल.

तिने घरात माझ्यासाठी चांगल्या पाण्याचा एक घडा भरून ठेवला होता. विहिरीत मेंढी टाकायच्या आधीच भरला असणार. अशी आहे ती, आईसारखी. फळीवरचा तो मातीचा पेलाही इथेच आहे. त्यातलं पाणी आटून गेलं आहे.

मंगळवार

शहरात कुणी नाही. कुत्री आहेत. पाद्रीबाबासुद्धा गेले. वेशीबाहेरून वास येतो. वारा फिरला की दार लावून घेतो.

माझ्या दाराशी कुणीतरी उभं राहतं. आवाज नसतो. मी लसूण पुन्हा चोळला आहे. अल्देआ असेल असं आधी वाटायचं, पण त्याला तर पाणी मिळालं, सोन्याच्या पेल्यातून मिळालं, मी स्वतः प्यालो. मग दुसरं कोण, ते मला कळतं. ती पाणी मागत होती. तिच्या नावाने कुणालातरी एक पेला द्यायला हवा. अवघड काही नाही. भांडं आहे, घड्याच्या तळाशी थोडं पाणी आहे. फक्त घेणारं कुणीतरी हवं. एवढ्या मोठ्या शहरात तेवढं एक माणूस नाही.

संत योहानाच्या जन्माचा दिवस

सकाळी घड्यातलं उरलेलं पाणी पेल्यात ओतलं. एक पेलाभरच निघालं. सब्ज्याची काडी मिळाली नाही, म्हणून दारातल्या गवताचं एक फूल ठेवलं. चौकात पायरीवर जाऊन बसलो. ऊन वर आलं. पेला हातात धरून हात भरून आला, पण खाली ठेवला नाही. माशा येत होत्या त्या फुंकून घालवत होतो.

दुपारी घोड्याच्या टापा वाजल्या. एकच घोडेस्वार, तुर्क, पोरसवदा, मिशी नुकती फुटलेली. फौजेच्या पुढे वाट हेरायला पाठवला असणार. वेशीबाहेरच्या रस्त्यानेच आला होता, कारण त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ फुटून रक्त सुकलं होतं. तो विहिरीशी गेला, आत वाकून पाहिलं आणि नाक दाबून मागे सरला. मग त्याला मी दिसलो.

मी उठलो. दोन्ही हातांनी पेला पुढे केला आणि म्हणालो, "वोइकाच्या नावाने. भांड्यासकट."

त्याला भाषा कळली नाही. पण पाणी कळलं. त्याने पेला घेतला, ओठांपर्यंत नेला, आणि थांबला. विहिरीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग पेला माझ्या छातीवर टेकवला आणि हनुवटीने खूण केली. आधी तू.

मी ओठ भिजवले. त्याने मान हलवली. आणखी. मी एक घोट घेतला. त्याने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला. मी सांगत होतो की हे माझं नाही, हे मी प्यायचं नाही, मी प्यालो तर पोचत नाही. तो काहीतरी ओरडला. मग मी प्यालो. घोट घोट करून सगळं प्यालो. फूलही तोंडात आलं.

तो माझ्याकडे पाहत उभा राहिला, मी पडतो का ते बघत. मी पडलो नाही. मग त्याने पेला माझ्या हातातून घेतला, आत पाहिलं, उलटा करून झटकला. काही उरलं नव्हतं. त्याने घराकडे बोट दाखवलं, मी घडा आणून त्याच्यासमोर उपडा केला. तो हसला की रडला ते मला नीट कळलं नाही. त्या वयात दोन्ही एकसारखंच दिसतं. मग तो घोड्यावर चढला आणि तसाच तहानलेला आला त्या वाटेने परत गेला.

शब्द म्हणायला समोर कुणी नव्हतं. शेवटी सवयीने मीच म्हणालो, देव तिला क्षमा करो.

जाताना त्याने रिकामा पेला विहिरीच्या कठड्यावर ठेवला. दगडावर जे वर्तुळ पडलं आहे ना, बरोबर त्याच्यावर. उचलून घरी न्यावा असं वाटतं. पण तो आता कुणाचा, हे मला ठरवता येत नाही. तिला पोचला म्हणावं तर तिचा, नाही पोचला म्हणावं तर माझा. कुणी येऊन विचारलं तर काय सांगायचं तेही सुचत नाही.

म्हणून पायरीवर बसून हे लिहितो आहे. पेला इथून दिसतो.